कुंडातील कमळे : माती कोणती, भांडे कोणते

(कलशारोहणाच्या दुसऱ्या दिवशी सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



काल कळस चढला. पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आले, माझ्याही आले. आज मला बोलायला उभे केले आहे. अध्यात्मावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. जन्मभर शाळेत शेतीचा विषय शिकवला, म्हणून समितीने विषयही तसाच दिला : महादेवाच्या कुंडात कमळे लावायची आहेत, तर माती कोणती घ्यावी आणि ती कशात भरावी. एवढ्या मोठ्या सोहळ्यात हा विषय अगदीच किरकोळ वाटेल. परंतु तो किरकोळ मानल्यामुळे एकदा काय झाले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बाहेरगावच्या मंडळींना ठाऊक नसेल, म्हणून तेच आधी सांगतो. त्यात दोष माझा आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात आपण श्रमदानाने कुंडातला गाळ उपसला. तळाची दगडी फरशी आपल्यापैकी बहुतेकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. गाळाचे प्रत्येक घमेले मी हाताने चाचपून मगच ओतू देत होतो, म्हणून पोरे मला हसत होती. पण आपल्या जिल्ह्यात जमीन खणताना सावध राहावे. पवनारला विनोबांना जमीन खणताना राम-भरत भेटीचे शिल्प मिळाले, ते तिथल्या आश्रमात आहे. आपल्याला मिळाले नारळाच्या करवंट्या, फुटके दिवे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. असो. पावसाळ्यात कुंड स्वच्छ पाण्याने भरले, मासे सोडले, आणि सगळे म्हणू लागले, गुरुजी, आता कमळे पाहिजेत.

मी उत्साहाने पुढे झालो. २०२४ च्या फेब्रुवारीत सिमेंटच्या नव्याकोऱ्या बारा कुंड्या आणल्या. रोपवाटिकेतून पिशवीतली हलकी, भुसभुशीत माती आणली. कमळाला खत पुष्कळ लागते असे वाचले होते, म्हणून गोठ्यातले ताजे शेण निम्मे मिसळले. कंद लावले आणि कुंड्या पाण्यात सोडल्या. त्याच संध्याकाळी पिशवीतली माती पाण्यावर तरंगू लागली, कारण ती माती नव्हतीच, नारळाच्या काथ्याचा भुगा होता. आठवड्याभरात पाण्याला वास सुटला. दहाव्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेऊ लागले. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी ते मरून वर आले होते आणि कुंडाचे पाणी काळे पडले होते. त्या वर्षी अभिषेकाचे पाणी वाडीतल्या विहिरीवरून आणावे लागले.

मला कोणी एका शब्दानेही बोलले नाही. बोलले असते तर बरे वाटले असते. आपल्या एका मावशींनी मेलेले मासे टोपल्यात भरून उंबराच्या बुडाशी पुरले आणि मला म्हणाल्या, “गुरुजी, तुमी पोराइले शिकवता, आता सोता शिका.” त्यांचे म्हणणे मी मनावर घेतले. तेव्हापासून घराच्या अंगणात चार नांदा मांडून मी कमळ आणि कुमुद वाढवीत आहे. आज जे सांगतो आहे ते त्या नांदांनी शिकवलेले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कमळाविषयी आपल्या मनात बसलेला एक गैरसमज. कमळ घाणीत उगवते असे आपण सर्रास म्हणतो. कीर्तनकारही म्हणतात. पण आपला शब्द काय आहे? पंकज. पंक म्हणजे चिखल, आपल्याकडच्या बोलीत गारा. चिखल आणि घाण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मातीत पाणी मुरले की चिखल होतो. पाण्यात शेण, निर्माल्य, खरकटे सडले की घाण होते. सडण्याच्या क्रियेत पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो. तो संपला की मासे गुदमरतात, आणि तळाशी सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू तयार होतो. माझ्या कुंड्यांत नेमके हेच झाले होते. कंद बाहेर काढले तेव्हा मुळे काळी पडली होती.

चिखलात हवा नसते, तरी कमळ जगते. कमळाचा कंद आडवा कापून पाहा, त्यात गोल भोके दिसतील. तशीच भोके देठातही असतात. पानाने घेतलेली हवा या नळ्यांतून खाली कंदापर्यंत जाते. म्हणजे कमळ आपली हवा वरून स्वतः घेऊन येते. त्याला खाली फक्त घट्ट बसायला जड माती आणि थोडे अन्न पाहिजे. आपण मात्र त्याच्या पायाखाली उकिरडा करून ठेवतो.

आता काल एका काकाजींनी विचारलेला प्रश्न घेतो. ते म्हणाले, “कमळ त गाऱ्यातच होते, त्याले कुंडी कायले पायजे? कुंडात गारा टाका ना बाप्पा!” प्रश्न रास्त आहे. तलावात कुंडी कोणी ठेवत नाही. केरळात तिरुनावाया येथे पाणथळीत कमळांची शेतीच होते आणि तिथली फुले देवळांत जातात. पूर्वेकडे भंडारा-गोंदियाला कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांपैकी काही तलावांत ढिवर बांधवांनी बेशरमाची झुडपे उपटली, तळ नांगरून मऊ केला आणि तिथल्या मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, म्हणजे माशांना चारा आणि आसरा मिळावा. तिथे ते शोभते, कारण तलाव मोठा असतो आणि त्याचा तळ मातीचा असतो.

आपले कुंड लहान आणि त्याचा तळ दगडी. कमळाचा कंद एका जागी थांबत नाही, चिखलातून आडवा धावत सुटतो. मोकळा सोडला तर दोन-तीन वर्षांत सगळे कुंड पानांनी झाकेल, अभिषेकाला पाणी काढायला जागा उरणार नाही, आणि पायऱ्यांच्या सांध्यांत माती साठली असेल तिथे कंद शिरेल. शिवाय फरशीवर पुन्हा फूटभर गारा टाकायचा, तर आपण गाळ उपसला कशासाठी? म्हणून कमळ भांड्यात लावायचे आणि भांडे पाण्यात ठेवायचे. वाटेल तेव्हा ते हलवता येते, कुंड धुता येते, आणि काही बिघडले तर एका भांड्यापुरते बिघडते.

माती. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, सहन करावे.

आपण सगळे काळ्या मातीचे लोक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्याचा काळा दगड झाला आणि तो दगड झिजून ही माती झाली. तिच्यात चिकणमातीचा अंश भरपूर, चुना आणि पालाश पुरेसे, नत्र आणि स्फुरद कमी. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पऱ्हाटीच्या वावरात भेगा पडल्या की आपण हळहळतो, परंतु कुंडीतली माती कायम पाण्याखाली असते, तिला भेगा पडायची वेळच येत नाही. कमळाला हवी तशी जड, चिकट, पाण्यात न तरंगणारी माती आपल्या पायाखाली आहे. ती सोडून मी पिशवीतला भुगा विकत आणला होता! देणगीदारांपैकी एकांनी खास तयार माती मुंबईहून पाठवू का, असे विचारले आहे. त्यांच्या भावनेचा आदर करून सांगतो, माती पाठवू नये. त्याच पैशांत भांडी येतील.

मात्र काळी माती म्हणून कोणत्याही वावरातली चालणार नाही. आपल्या शिवारात सोयाबीन आले तेव्हापासून तणनाशकेही आली. त्यांतली काही मातीत महिनोन्महिने टिकून राहतात. पुढच्या पिकाला त्यांचा झटका बसलेला तुमच्यापैकी काहींनी पाहिला आहे. अशी माती कुंडात घातली तर कमळ खुरटेल, आणि ज्या पाण्याचा आपण अभिषेक करतो त्या पाण्यात ते औषध जाईल. म्हणून जिथे निदान दोन वर्षे फवारणी झाली नाही अशी जागा बघावी. नुसते धुऱ्यावरची माती म्हणू नका, हल्ली धुऱ्यावरच जास्त फवारतात. पडीत गायरान, जुन्या गोठ्यामागची जागा, आंब्याखालची जमीन हे चांगले. शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. दोन डबे घ्या. एकात शंकेची माती, दुसऱ्यात अंगणातली खात्रीची माती. दोन्हींत मोहरीचे पंचवीस-पंचवीस दाणे पेरा. पंधरा दिवसांत शंकेच्या डब्यातली रोपे पिवळी, आखूड किंवा वाकडी दिसली तर ती माती तिथेच सोडा. मोहरीच घ्या. मूग-हरभरा घेऊ नका, कारण सोयाबीनमधली काही औषधे सोसण्याची ताकद द्विदल धान्यांत असते आणि ती खोटी ग्वाही देतील.

दुसरी परीक्षा गढूळपणाची. काही काळी माती चोपण असते. ती पाण्यात गेली की पाणी आठ-आठ दिवस निवळत नाही. काचेच्या पेल्यात पावसाचे किंवा फिल्टरचे पाणी घ्या. विहिरीचे जड पाणी घेऊ नका, ते मातीचा दोष लपवते. त्यात बोराएवढे वाळके ढेकूळ अलगद सोडा आणि पेला हलवू नका. ढेकूळ फुटून पसरले तर हरकत नाही, आपली माती फुटतेच. परंतु ढेकळाभोवती दुधासारखे वलय धरले आणि दुसऱ्या दिवशीही ते तसेच राहिले, तर ती माती चोपण समजावी. देवाच्या कुंडात ती नको.

चांगली काळी माती दोन घमेली, आणि धाम, बोर, वणा, यशोदा यांपैकी ज्या नदीकाठी आपले सोयरे असतील तिथला पोयटा एक घमेले, असे प्रमाण मी ठेवतो. नुसती काळी मातीही चालते, पण पोयट्याने कंदाला धावणे सोपे जाते आणि दोन वर्षांनी तो काढताना तुटत नाही. देवळामागे आपण २०२३ साली टाकलेल्या गाळाचा ढीग आहे. त्याने ऊनपाऊस खाल्ला आहे, आता त्याला वास नाही. पोयट्याऐवजी तोही चालेल, मात्र चाळून, कारण त्यात काचा आहेत. सगळी माती आधी चाळून खडे, मुळे, काड्या काढाव्यात. काडी राहिली की ती सडते.

खताविषयी मी शिकलो ते असे : शेणखत वर्षभर कुजलेले असावे. मुठीत घेतले तर गरम लागू नये, वास येऊ नये, चहाच्या भुकटीसारखे सुटे व्हावे. दहा घमेली मातीला एक घमेले पुरते, तेही तळाच्या थरात. त्याच्यावर खत नसलेली माती चार बोटे, आणि सर्वांत वर धुतलेल्या रेतीचा बोटभर थर. रेतीमुळे माती वर उठत नाही आणि मासे उकरत नाहीत. (रेती गावातल्या कोणाच्या बांधकामावरची उरलेली घ्यावी. नदीवरून रात्री आणू नये, हे मी देवळात उभा राहून सांगतो आहे.)

पुस्तकांत हाडांचे खत घाला असे लिहिलेले असते. देवळाच्या कुंडात ते आपल्याला चालणार नाही, आणि त्याची गरजही नाही. डीएपी-युरिया तर मुळीच नको, त्याने पाणी हिरवे होते. त्याऐवजी आपल्याकडे निर्माल्य आहे. आजवर ते कुंडात जात होते. आता समितीने मागे खड्डा केला आहे. हारांचे दोरे, उदबत्तीचे वेष्टन, हळदकुंकवाच्या पुड्या वेगळ्या काढून नुसती फुले-बेल त्या खड्ड्यात टाकले आणि वर मातीचा थर देत गेलो, तर वर्षाने उत्तम खत होते. ते खत चिकण काळ्या मातीत मळून लाडवाएवढे गोळे करायचे आणि सावलीत वाळवायचे. कमळाची पाने पाण्याच्या वर उभी राहू लागली की दर महिन्याला तीन-चार लाडू कुंडीच्या मातीत खोल दाबायचे, कोंबापासून दूर. गणपती झाले की बंद करायचे. महिला मंडळाने हे काम मागून घेतले आहे. देवाला वाहिलेले फूल पुन्हा फूल होऊन येईल, याचा मला स्वतःला फार आनंद आहे.

आता भांडे. या बाबतीत गावात दोन तट पडले आहेत हे मला माहीत आहे, म्हणून मोकळेपणाने बोलतो.

आपल्या एका थोर देणगीदारांनी तांब्याची बारा घंगाळे देऊ केली आहेत. तांबे पवित्र खरे, आणि पिण्याचे पाणी आपण तांब्यात ठेवतो हेही खरे. परंतु तांबे पाण्यात थोडे थोडे उतरते. मोरचुदाने शेवाळ मरते हे प्रत्येक शेतकरी जाणतो, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. गोगलगाई, मासे आणि कोवळी मुळे यांना महिनोन्महिने तांब्याचा सहवास मानवत नाही. त्या घंगाळांचे स्थान गाभाऱ्यात आहे. तिथे ती शोभतील आणि पिढ्यान्पिढ्या टिकतील. लोखंडी घमेली गंजतात. डांबराचे किंवा औषधाचे पिंप अर्धे कापून कोणी देऊ करील, तर ते कितीही धुतले तरी नको.

सिमेंटची कुंडी मजबूत असते, पण नवी असताना तिच्यातून चुना सुटतो आणि पाणी क्षारट होते. माझ्या त्या बारा कुंड्यांचा हाही एक दोष होता. त्या आता वापरता येतील. नवी आणली तर तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवून दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे, आणि ते पाणी कुंडात टाकू नये. प्लॅस्टिकचे रुंद टब चालतात. पाण्याखाली त्यांना ऊन लागत नाही म्हणून ते टिकतात. पण अंगणात, आपल्या मे महिन्याच्या उन्हात काळे प्लॅस्टिक ठेवले तर आतले पाणी तापते आणि मूळ शिजते. घरी लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. घरच्या टबात गप्पी मासेही सोडावेत, नाहीतर कमळाऐवजी डासांची पैदास होईल.

माझा कौल मातीच्या नांदेला आहे. पूर्वी गुराढोरांना पाणी पाजायला कुंभारदादा करीत तशी रुंद तोंडाची, जाड बुडाची, तळाला भोक नसलेली नांद. भोक असलेली कुंडी असेल तर ते सिमेंटने बुजवावे, कारण मूळ भोकातून बाहेर पळते आणि माती पाण्यात उतरते. नांद पाण्यात कायम ओली राहते म्हणून तडकत नाही. रिकामी करून उन्हात ठेवली तर मात्र तडकते. आणि नांदेला आणखी एक गुण आहे, तो गोल आकाराचा. कमळाचा कंद धावत कडेला जातो आणि गोल भांड्यात कडेकडेने फेऱ्या घालीत वाढतो. चौकोनी भांड्यात त्याचे टोक कोपऱ्यात अडकते आणि मोडते. टोक मोडले की त्या फांदीची वाढ खुंटली.

खोलीपेक्षा रुंदीला महत्त्व द्यावे. कमळाला दोन फूट रुंद आणि फूट-सव्वा फूट खोल भांडे हवे. कुमुदाला सव्वा फूट रुंद, नऊ इंच खोल पुरे. माझ्या पहिल्या कुंड्या उंच आणि अरुंद होत्या, दिसायला सुबक, कामाला कुचकामी.

वजनाचे आधी ठरवावे. दोन फुटी नांदेत साठेक लिटर ओली माती बसते, म्हणजे भांडे सोडून सुमारे एक क्विंटल. ती काठावर भरून उचलायला गेलात तर पाठ धराल. पण पाण्यात उतरली की तिच्या आकारमानाएवढ्या पाण्याचे वजन कमी होते, आणि मातीचे ओझे चाळीस-पंचेचाळीस किलोवर येते. म्हणून नांद कुंडाच्या वरच्या, उथळ पाण्यातल्या पायरीवरच भरायची आणि मग दोघांनी पायरी-पायरीने खाली न्यायची. कोरडी काळी माती भरून वरून पाणी ओतू नका. ती फुगते, बुडबुडे काढते आणि वर उसळते. आधी भिंतीच्या गाऱ्यासारखा गारा करायचा, तो भरायचा, एक रात्र बसू द्यायचा आणि मग कंद लावायचा. कानांना नायलॉनची दोरी बांधावी. काथ्याची दोरी पाण्यात कुजते.

आपल्या जुन्या लोकांनी कुंडाला चोहोबाजूंनी पायऱ्या बांधल्या त्या माणसांसाठी, पण कमळासाठी त्याहून चांगली सोय होणार नाही. नवीन कंदावर सुरुवातीला तीन-चार इंचच पाणी हवे. वाढल्यावर फूट-दीड फूट चालते. पावसाळ्यात पाणी चढले की नांद एक पायरी वर, उन्हाळ्यात उतरले की एक पायरी खाली. नांदा पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या बाजूला ठेवू नयेत, तिथे उंबर-पिंपळाची सावली आहे. कमळाला दिवसाचे सहा तास तरी ऊन पाहिजे. सावलीत पाने येतील, फूल येणार नाही.

कंद उभा पुरू नये, आडवा निजवावा. त्याचे टोक, म्हणजे कोंब, थोडे वर डोकावत असावे आणि त्याला बोट लावू नये. वर दोन इंच माती आणि एक चपटा दगड, म्हणजे तो तरंगणार नाही. हे काम माघ-फाल्गुनात, थंडी ओसरताना. ज्यांना बियांपासून करायचे असेल त्यांनी पूजेच्या दुकानातले कमळगट्टे घ्यावेत. मखाना नव्हे, ती वेगळीच वनस्पती आहे. बीचे कवच दगडासारखे असते. बोथट टोक खरखरीत दगडावर आतले पांढरे दिसेपर्यंत घासावे आणि पाण्यात ठेवून रोज पाणी बदलावे. ते भट्टीत तापवलेले नसेल तर आठ-दहा दिवसांत मोड येतो. या कवचाचा पराक्रम काय सांगावा! जपानात चिबा येथे १९५१ साली ओगा नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञांना जुन्या दलदलीत जमिनीखाली तीन बिया सापडल्या. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या गेलेल्या त्या बियांपैकी एकीला १९५२ साली फूल आले.

कुमुदाबद्दल दोन शब्द. ज्याचे पान पाण्यावर टेकलेले आणि एका बाजूने चिरलेले ते कुमुद. ज्याचे पान ताटासारखे अखंड, पाण्याच्या वर उभे, आणि ज्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा पळतो ते कमळ. साताऱ्याच्या कास पठारावर कुमुदिनी नावाची जी पांढरी, झालरीची इवली फुले तळ्यात दिसतात, ती या दोहोंहून निराळी. नावांचा असा घोळ आहे, म्हणून रोपे आणताना पान बघून आणावीत. आणि निळ्या-जांभळ्या तुऱ्याची, फुगीर देठांची जलपर्णी कोणी सुंदर म्हणून आणली तर तिला पायरीवरूनच परत पाठवा. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आणलेली ही बाई एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालात आली आणि देशभरच्या नद्यांतून अजून हलायला तयार नाही.

देणगीदारांना एक विनंती. बारा नांदांवर बारा नावे घालायची सूचना आली आहे. नावे जरूर असावीत, पण नांदेवर तैलरंगाने लिहू नयेत, तो रंग पाण्यात जातो. भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर जागा आहे. दर दोन वर्षांनी नांदा रिकाम्या करून कंद वेगळे करावे लागतील, नाहीतर गर्दी होऊन फुले थांबतात. त्या वेळी प्रत्येक देणगीदाराच्या घरी एक कंद प्रसाद म्हणून देता येईल. समितीने ही गोष्ट मान्य केली आहे.

मावशींनी पुरलेल्या माशांच्या जागी उंबराला आता नवी फूट आहे. कुंडात नवे मासे मागच्या पावसाळ्यात सोडले आहेत आणि आजपर्यंत ते ठीक आहेत. मी रोज सकाळी मोजायचा प्रयत्न करतो, पण ते एका जागी थांबत नाहीत.

महाशिवरात्रीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता देवळामागे माती चाळायला यावे. मोहरीची परीक्षा दिलेली माती तिथे आणून ठेवलेली असेल. चाळण्या दोनच आहेत. ज्यांच्या घरी रेती चाळायची जाळी असेल त्यांनी ती घेऊन यावी, आणि कुंभारदादांच्या नांदा बैलगाडीतून आणायच्या असल्यामुळे ज्यांच्याकडे तणीस शिल्लक असेल त्यांनी खाली अंथरायला दोन पेंढ्या आणाव्यात.